आपत्ती, संशोधन आणि अधिछात्रवृत्ती : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

आपत्तीचा इतिहास बहुधा हानीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. घटना केव्हा घडली, किती माणसे दगावली, किती घरे पडली आणि शासनाने कोणती मदत केली, एवढी नोंद झाली की तो पूर्ण झाला असे मानले जाते. त्या आपत्तीविषयीचे ज्ञान कोणी मिळवले, त्यासाठी किती वर्षे लागली आणि त्या वर्षांत अभ्यासकाचा निर्वाह कशावर झाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हा दुसरा प्रश्न पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात विचारात घेतला आहे.

या परिसराची निवड सकारण आहे. ओतूर हे गाव कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर वसलेले आहे. तेथून पश्चिमेकडे निघाले की माळशेज घाट लागतो. तेथे पावसाळ्यात दरडी कोसळून वाहतूक बंद पडण्याचे प्रकार वारंवार घडतात. पूर्वेकडे गेल्यास थोड्याच अंतरावर पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा सुरू होतो. एकाच तालुक्याच्या एका टोकाला अतिवृष्टी आणि दुसऱ्या टोकाला अवर्षण अशी ही स्थिती आहे. त्यातच कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे, त्यांमुळे झालेले विस्थापन, वाढलेला ऊस आणि उसात वसलेला बिबट्या यांची भर पडली आहे. निसर्गनिर्मित व मानवनिर्मित धोक्यांची इतकी विविधता दोन तालुक्यांत एकत्र आढळणे विरळाच. असे असूनही येथील धोक्यांचे ज्ञान घटनेनंतरच का जमा होते, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

दुष्काळाची नोंद आणि दरडीचे मौन

पुणे जिल्ह्यातील आपत्तींच्या आधुनिक नोंदींचा आरंभ दुष्काळापासून होतो. १८७६ ते १८७८ या काळातील दख्खनच्या दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला आणि १८८० मध्ये त्याने आपला अहवाल दिला. त्यातून प्रांतवार दुष्काळ संहिता तयार झाल्या. १८८५ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्याविषयीचा अठरावा खंड प्रसिद्ध झाला. पाऊस, पीक, धान्याचे भाव आणि शेतसारा यांची माहिती वसाहती प्रशासनाने चिकाटीने जमवली, कारण दुष्काळाचा थेट संबंध महसुलाशी होता. डोंगर-उतारावरील एखादी वाडी दरडीखाली जाणे ही महसुलाच्या दृष्टीने नगण्य बाब होती. तेव्हा कोणत्या आपत्तीची नोंद ठेवावयाची हे आपत्तीच्या तीव्रतेइतकेच राज्यसंस्थेच्या गरजेवरही अवलंबून असते, असा निष्कर्ष यातून निघतो.

दुष्काळाच्या या सातत्यपूर्ण नोंदींचा पुढे लाभ झाला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर काढण्यात आली आणि १९७७ मध्ये त्या योजनेला कायद्याचे रूप मिळाले. या धोरणामागे सुमारे शंभर वर्षांच्या माहितीचे आणि अनुभवाचे पाठबळ होते. भूस्खलनाला असे पाठबळ कधीच लाभले नाही.

प्रबंधातून उगम पावलेली ज्ञानशाखा

आपत्तीचा समाजशास्त्रीय अभ्यास ही ज्ञानशाखा एका पीएच.डी. प्रबंधातून उगम पावली, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळा वाहून नेणाऱ्या जहाजाचा स्फोट होऊन सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या नगरात धर्मोपदेशक म्हणून काम करणाऱ्या सॅम्युएल हेन्री प्रिन्स यांनी या घटनेनंतर समाजात झालेल्या बदलांचा अभ्यास करून कोलंबिया विद्यापीठाला प्रबंध सादर केला आणि १९२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. आपत्तीविषयीचा पहिला पद्धतशीर समाजशास्त्रीय अभ्यास म्हणून त्याकडे पाहिले जाते. मदतकार्याच्या अहवालात न येणारे प्रश्न प्रिन्स यांनी विचारले. मोडलेला समाज पुन्हा कसा उभा राहतो आणि तो पूर्वीसारखा राहतो की बदलतो, हे ते प्रश्न होत.

दुसरे उदाहरण गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञांचे आहे. पुराशी माणूस कसे जुळवून घेतो या विषयावरील त्यांचा शिकागो विद्यापीठातील प्रबंध १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धातील आहे. केवळ बांध व धरणे बांधून पुराची हानी थांबत नाही. बांधाच्या भरवशावर लोक नदीपात्रालगत अधिक वस्ती करतात आणि मोठा पूर आला की हानी वाढते, असे त्यांनी दाखवून दिले. पूरप्रवण क्षेत्रातील जमीनवापराच्या नियमनाचा विचार पुढे जगभर रुजला, त्याच्या मुळाशी हे काम आहे. १९६३ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र स्थापन झाले. १९८५ पासून ते डेलावेअर विद्यापीठात कार्यरत झाले. तेथे प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली संशोधक विद्यार्थी प्रत्यक्ष आपत्तीस्थळी जाऊन माहिती गोळा करीत. अशा रीतीने आपत्ती-संशोधनाची परंपरा मुख्यतः विद्यापीठातील तरुण संशोधकांच्या बळावर वाढली.

कोयना : धक्क्यानंतर उभी राहिलेली परंपरा

महाराष्ट्रात याच्याशी तुलना करता येईल असे उदाहरण कोयनेचे आहे. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. १९६२ च्या सुमारास कोयना जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या मोठ्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांमध्ये तो सामान्यतः जगातील सर्वांत मोठा मानला जातो. हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता व बी. के. रस्तोगी यांनी जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधावर दीर्घ काळ काम केले. १९७६ मध्ये त्यांचा धरणे व भूकंप या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढील काळात कोयना परिसरात खोल विंधनविवरे घेऊन अभ्यास करण्यासाठी कराड येथे केंद्र शासनाची प्रयोगशाळा उभी राहिली.

कोयनेच्या बाबतीत एका घटनेनंतर अर्धशतकाहून अधिक काळ अभ्यास चालू राहिला. त्यामागे सिंचन व वीजनिर्मितीशी निगडित राष्ट्रीय हितसंबंध होते, हे खरे आहे. तथापि सातत्य राहिल्यास आपत्तीस्थळाचे रूपांतर ज्ञानस्थळात होऊ शकते, हेही त्यातून सिद्ध होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. २००५ मध्ये केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेवर त्या कायद्याने प्रशिक्षणाबरोबरच संशोधनाचीही जबाबदारी सोपवली. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले आणि या विषयाला मराठी मुलखात विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली.

जुन्नर परिसरातील दोन दीर्घ अभ्यास

जुन्नर तालुका संशोधनाच्या नकाशावर अगदीच अपरिचित होता असे नाही. कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी या थराचा व त्याच्या सान्निध्यात सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास सुरू केला. निरनिराळ्या पद्धतींनी झालेल्या कालनिश्चितीत १४ लाख वर्षांपासून ७४ हजार वर्षांपर्यंत तफावत आली. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची आहे, असे रासायनिक विश्लेषणाच्या आधारे प्रतिपादन करण्यात आले. हत्यारांच्या वयाविषयीचा वाद मात्र पुढेही चालू राहिला. पृथ्वीवरील एका प्रचंड आपत्तीचा पुरावा ओतूरच्याच तालुक्यातील नदीकाठी मिळावा आणि त्याचा अर्थ लावण्यास अनेक अभ्यासकांची कित्येक वर्षे खर्ची पडावीत, ही घटना संशोधनाच्या स्वाभाविक गतीची कल्पना देते.

दुसरा अभ्यास वर्तमानाशी निगडित आहे. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांमुळे बागायत वाढली, उसाचे क्षेत्र वाढले आणि बिबट्याला वर्षभर आडोसा मिळाला. २००१ नंतर जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ले वाढले. ओतूर हे या विभागातील एक वनपरिक्षेत्र आहे. बिबटे पकडून अन्यत्र जंगलात सोडणे हा त्यावरील उपाय समजला गेला आणि तो मोठ्या प्रमाणावर अमलात आला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळातील नोंदी तपासून २०११ मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष प्रचलित समजुतीच्या विरुद्ध होता. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. स्थलांतराची मोहीम सुरू झाल्यानंतर २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली. म्हणजे जो उपाय म्हणून योजला होता, तोच धोका वाढवणारा ठरला असावा. २०११ मध्येच केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने मानव-बिबट्या संघर्षाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली आणि अशा स्थलांतराला आळा घालण्याची भूमिका घेतली. अत्रेय यांनी लगतच्या अकोले तालुक्यातही अभ्यास केला. शेती व दाट लोकवस्तीच्या प्रदेशात बिबट्या कायमस्वरूपी राहतो, हे त्यातून २०१३ मध्ये पुढे आले.

संघर्ष त्यामुळे मिटला असे नाही. हल्ले पुढील काळातही होत राहिले आणि प्रत्येक मृत्यूनंतर लोकक्षोभ उसळला. तरीही या उदाहरणाचे मूल्य कमी होत नाही. दीर्घ मुदतीच्या नोंदी नसत्या, तर कोणत्या उपायाने हानी वाढते हे कधी कळलेच नसते.

माळीण : उत्तर शोधणाऱ्यांचे उशिरा येणे

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर डोंगराचा भाग कोसळला. गावाच्या जागी चिखलाचा ढिगारा आहे हे प्रथम एस. टी. बसच्या चालकाच्या ध्यानात आले, असे त्या वेळच्या वृत्तांतांत नमूद आहे. अधिकृत नोंदीनुसार १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी बहुसंख्य महादेव कोळी या आदिवासी जमातीची होती.

घटनेनंतर कारणांची चर्चा सुरू झाली. आदल्या दिवशी झालेला मुसळधार पाऊस, उताराची मूळ रचना, जंगलतोड आणि यंत्रांच्या साहाय्याने केलेले जमिनीचे सपाटीकरण ही कारणे निरनिराळ्या मंडळींनी पुढे केली. या चर्चेत पडकईचा उल्लेख वारंवार आला. पडकई म्हणजे डोंगर-उतारावर परस्परांच्या श्रमसाहाय्याने भातखाचरे तयार करण्याची या भागातील जुनी रीत. शासकीय योजनेतून यंत्रे उतारावर पोचली आणि त्यामुळे उतार सैल झाला, असे एका पक्षाचे म्हणणे होते. उलटपक्षी, पारंपरिक पडकई माती धरून ठेवते आणि तिला दोष देणे हा आदिवासींवर अन्याय होय, असे दुसऱ्या पक्षाने मांडले. यातील कोणते कारण किती प्रमाणात खरे, हे ठरवण्यासाठी त्या उताराच्या दुर्घटनेपूर्वीच्या नोंदी हव्या होत्या. मातीची खोली किती, पाणी कोठून मुरते, भेगा केव्हा दिसू लागल्या, खाचरे कोणत्या साली व कशी काढली, या प्रश्नांची उत्तरे ढिगाऱ्यातून मिळणारी नव्हती. चौकशी कारण शोधते. परंतु कारणाचा पुरावा घटनेपूर्वीच जमवावा लागतो, आणि ते काम चौकशीचे नसते.

येथे एक आक्षेप संभवतो. भूस्खलनप्रवण क्षेत्रांचे नकाशे शासकीय यंत्रणा तयार करतात, मग स्वतंत्र संशोधनाची गरज काय? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४ मध्ये भूस्खलनप्रवणतेचे राष्ट्रीय मानचित्रण हाती घेतले, आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये देशाचा भूस्खलन नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. ही कामे निःसंशय मौलिक आहेत. परंतु राष्ट्रीय मानचित्रणाचे प्रमाण १:५०,००० असे आहे. त्यावर अर्धा किलोमीटर अंतर एका सेंटिमीटरएवढे दिसते. चाळीस-पन्नास घरांची वाडी अशा नकाशावर नखाएवढीही जागा व्यापत नाही. कोणता तालुका धोक्यात आहे हे नकाशा सांगतो. कोणत्या वाडीने कोणत्या रात्री घरे सोडावीत हे तो सांगू शकत नाही. हे दुसरे ज्ञान पायी फिरून, पाऊस मोजून आणि लोकांशी बोलूनच मिळते.

याची किंमत माळीणनेच मोजली असे नाही. त्यापूर्वी जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई व दासगाव येथे, त्यानंतर जुलै २०२१ मध्ये त्याच तालुक्यातील तळिये येथे आणि जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे जवळजवळ तसेच घडले. महिना तोच, भूरूप तेच आणि बळी पडणारा समाजही बहुतांशी डोंगराच्या पायथ्याशी राहणारा गरीब समाज. आमडे येथे वसवलेल्या नव्या माळीणचे लोकार्पण एप्रिल २०१७ मध्ये झाले, आणि जूनमधील पावसात तेथील रस्ते व भराव खचले. पुनर्वसनाची जागा निवडणे हाही संशोधनाचाच विषय आहे, हे त्यातून पुन्हा दिसून आले.

अधिछात्रवृत्तीची व्यवस्था आणि तिच्या मर्यादा

असे पायी फिरणारे संशोधन सामान्यतः पीएच.डी.चा संशोधक करू शकतो, आणि त्याच्या निर्वाहाचे मुख्य साधन अधिछात्रवृत्ती हे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेद्वारे १९८४ पासून दिली जाऊ लागली. २०१० मध्ये तिची रक्कम दरमहा १६,००० रुपये होती. ती डिसेंबर २०१४ पासून २५,०००, जानेवारी २०१९ पासून ३१,००० आणि जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये झाली. २००५-०६ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली. अनुसूचित जमातींसाठीची योजना पुढे केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने स्वतंत्रपणे चालवली. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांनी निरनिराळ्या समाजघटकांतील संशोधकांना आधार दिला. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थ्यांना पीएच.डी.चे दार त्यामुळेच उघडले, हे मान्य केले पाहिजे.

तथापि आपत्ती-संशोधनाच्या दृष्टीने या व्यवस्थेच्या तीन मर्यादा जाणवतात. पहिली मर्यादा कालावधीची. कनिष्ठ व वरिष्ठ टप्पे मिळून अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची असते. पहिले वर्ष अभ्यासक्रम व विषयमान्यतेत जाते, अखेरचे लेखनात जाते. क्षेत्रकार्यासाठी साधारणपणे तीन पावसाळे उरतात. उताराचे वर्तन समजण्यास तीन पावसाळे पुरत नाहीत. दुसरी मर्यादा विषयविभागणीची. दरड हा भूगोल, भूशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास आणि आदिवासी अभ्यास यांच्या सीमेवरील प्रश्न आहे, परंतु परीक्षा, मार्गदर्शक आणि नोंदणी या तिन्ही गोष्टी एकेका विषयात बांधलेल्या असतात. तिसरी मर्यादा भाषेची व उपयोजनाची. २००९ च्या नियमावलीनंतर प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करणे बंधनकारक झाले आणि शोधगंगा या भांडारात ते वाचावयास मिळू लागले. मात्र डोंगराखालच्या ग्रामपंचायतीला किंवा घोडेगावच्या तहसील कार्यालयाला उपयोगी पडेल असा मराठी सारांश प्रबंधासोबत असावा, अशी अपेक्षा रूढ झालेली नाही.

या मर्यादांवर तालुका पातळीवरील महाविद्यालये काही अंशी तोडगा काढू शकतात. संशोधक पाच वर्षांनी निघून जातो. ओतूर, जुन्नर, घोडेगाव किंवा मंचर येथील प्राध्यापक मात्र पंचवीस-तीस पावसाळे त्याच डोंगराकडे पाहत असतो. आयोगाच्या फॅकल्टी इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅमखाली अनेक प्राध्यापकांनी सेवेत राहून पीएच.डी. पूर्ण केली, हा अनुभव महाराष्ट्रातील महाविद्यालयांना आहे. २०१७ पासून महावेध प्रकल्पाद्वारे महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. परंतु एका मंडळात अनेक वाड्या येतात आणि घाटमाथ्यावर पाऊस दर दोन-चार किलोमीटरला बदलतो. भूगोल विभागाने वाडीवरच्या शाळेत एक साधे पर्जन्यमापक ठेवून दरवर्षीच्या नोंदी जपल्या, इतिहास विभागाने जुन्या दरडींच्या मौखिक आठवणी टिपल्या, तर पुढील संशोधकाला शून्यापासून आरंभ करावा लागणार नाही. महादेव कोळी व ठाकर समाजातील पदवीधर या कामात उतरले, तर डोंगराच्या खुणा वाचण्याचे परंपरागत ज्ञान प्रबंधात माहितीचे साधन म्हणून नव्हे, तर अभ्यासकाची स्वतःची दृष्टी म्हणून येईल. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून अस्तित्वात आहे. या विषयाला तिच्या कार्यात स्वाभाविकच स्थान आहे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. आपत्तीविषयीचे टिकाऊ ज्ञान बहुधा दीर्घ अभ्यासातून निर्माण झाले आहे. हॅलिफॅक्स, शिकागो, कोयना आणि जुन्नर ही त्याची उदाहरणे होत. ज्या आपत्तीत राज्यसंस्थेचा हितसंबंध गुंतलेला होता, तिच्या नोंदी राहिल्या. ज्या आपत्तीत केवळ डोंगरातील माणसांचे प्राण गुंतलेले होते, तिच्या नोंदी राहिल्या नाहीत. माळीणच्या कारणांविषयीचा वाद पूर्णपणे मिटू न शकण्यामागे हीच उणीव आहे.

अधिछात्रवृत्तीकडे विद्यार्थ्याला मिळणारे साहाय्य एवढ्याच दृष्टीने पाहणे पुरेसे नाही. तिच्यामुळे एखाद्या उताराला, नदीला किंवा वाडीला काही वर्षे सतत लक्ष देणारा माणूस मिळतो. आपत्ती येण्यापूर्वी तो माणूस तेथे असणे आणि तो गेल्यावर त्याच्या नोंदी जवळच्या महाविद्यालयात शिल्लक राहणे, या दोन गोष्टी साधल्या तर पुढील चौकशी समितीला ढिगाऱ्यातून कारण शोधावे लागणार नाही. कदाचित ती समिती नेमण्याची वेळही येणार नाही.